थंड ढगांची ऊब टिपणारा कॅमेरा

बदलापूर-अंबरनाथहून लोकलने मुंबईकडे निघालं की उल्हासनगर मागे पडतं आणि कल्याण येतं. याच कल्याणला १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या मांडून सूर्याच्या रेडिओ लाटा टिपल्या होत्या. आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या लाटांच्याच कुळातल्या त्या. लांबी साधारण अर्धा मीटर. ढग आले तरी त्या खाली पोचतात.

याच कुळात एक मिलिमीटरहून लहान, रव्याच्या दाण्याएवढ्या लाटाही आहेत. नवे तारे ज्या धुळीच्या ढगांत जन्मतात, ते उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास गार असतात. आतला उजेड धूळ अडवते. ढगांची जी काय थोडी ऊब असते, ती मात्र या बारीक लाटांतून बाहेर पडते. ताऱ्याचं बाळंतपण बघायचं तर वाट हीच.

पण हवेतली वाफ या लाटा पिऊन टाकते. आपल्याकडे जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, अशा हवेत हे काम कसं व्हावं? टाटा संस्थेने याहूनही आखूड लाटांसाठी एक मीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून सुमारे ३० किलोमीटर उंच पाठवली. हवाई बेटावरची जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बीण ४,००० मीटरहून उंच डोंगरावर आहे.

आता कॅमेरा. चुलीपुढून उठलेल्या हाताला बाळाचा ताप कळत नाही. तसंच हे, मोजणारा आधी गार हवा. हवाईच्या कॅमेऱ्याचा गाभा उणे २७३ अंशांजवळ ठेवतात. त्याहून गार काही असूच शकत नाही.

इतके गार झाल्यावर काही धातू विजेला अडवायचंच सोडतात. त्यांना अतिसंवाहक म्हणतात. हे पहिल्यांदा १९११ साली पाऱ्यात दिसलं. इस्पितळातल्या एमआरआय यंत्राचं चुंबकही सहसा याच गुणावर चालतं. कॅमेऱ्यात अशा धातूचा पातळ पापुद्रा नेमका उंबरठ्यावर धरतात, दूध उतू जायच्या बेतात असतं ना, तसा. कणभर ऊब पडली की विजेला होणारा अडथळा एकदम वाढतो. लाट आली, हे त्यावरून कळतं.

मला सगळ्यात आवडली ती तारांची गोष्ट. प्रत्येक ठिपक्याला वेगळी तार जोडली, तर उकळत्या भाजीत राहिलेल्या स्टीलच्या डावासारखी तीच तार बाहेरची उष्णता आत नेते. त्यामुळे हवाईच्या जुन्या कॅमेऱ्यात ठिपके होते जेमतेम १२८. नव्यात अतिसंवाहक मंडलं अनेक ठिपक्यांचे निरोप पाळीपाळीने एकाच तारेवरून धाडतात, म्हणून २०११ मध्ये कामाला लागलेल्या त्या कॅमेऱ्यात दहा हजारांवर ठिपके मावले.

आपल्या देशात लडाखचं हानले ४,५०० मीटर उंच आणि कोरडं आहे. तिथल्या दुर्बिणी वेगळ्या प्रकाशासाठी आहेत. असा कॅमेरा तिथे अजून बसलेला नाही.