डोळे निरोगी, तरी दिसण्यात अडचण

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष) म्हटली की घरच्यांचे लक्ष मुलाच्या चालण्याबसण्याकडे लागते. मूल पाहते कसे, हा प्रश्न मागे पडतो आणि गैरसमज रुजतात.

गैरसमज: डोळे तपासले, दोष निघाला नाही, म्हणजे सगळे नीट दिसते.
वस्तुस्थिती: डोळा प्रतिमा टिपतो, तिचा अर्थ मेंदू लावतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूतल्या पोकळ्यांलगतच्या भागाला इजा होऊ शकते. पायांच्या हालचालींचे आणि दृष्टीचे तंतू तिथूनच जातात. म्हणून पाय ताठ असलेल्या मुलांना दिसण्याच्या अडचणीही पुष्कळदा असतात. नवजात बाळाच्या रक्तातली साखर फार उतरली, तर मेंदूच्या मागच्या बाजूचे दृष्टिकेंद्र दुखावू शकते.

गैरसमज: दोष मेंदूत आहे, मग चष्मा कशाला?
वस्तुस्थिती: या मुलांत नंबर आणि तिरळेपणा नेहमीपेक्षा जास्त आढळतो. अनेकांना जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करून ती स्पष्ट पाहणे जमत नाही. मूल बोलत नसले, तरी नेत्रतज्ज्ञ डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढू शकतात.

गैरसमज: सतरंजीवरचा एकटा चेंडू दिसतो, खेळण्यांच्या ढिगातला दिसत नाही, नाटक करतो झाले!
वस्तुस्थिती: गर्दीतून एक वस्तू वेगळी काढणे हे मेंदूचे स्वतंत्र काम आहे. थकवा आला, गोंगाट झाला की तेही कोलमडते. वस्तू घेताना काही मुले नजर दुसरीकडे वळवतात, कारण एकाच वेळी पाहणे आणि हात नेणे त्यांना झेपत नाही. नजरेचा खालचा भाग गेलेला असेल, तर पायरीवर मूल अडखळते.

गैरसमज: चित्र ओळखत नाही, म्हणजे बुद्धी कमी.
वस्तुस्थिती: बुद्धीच्या अनेक चाचण्या चित्रांवरच आधारलेल्या असतात. तेच चित्र साध्या पार्श्वभूमीवर, मोठे, एकटे दाखवून पाहावे. वस्तू हातात देऊन, तिचे नाव सांगूनही विचारावे.

गैरसमज: यावर काही करता येत नाही.
वस्तुस्थिती: मेंदूची इजा पुसता येत नाही, पण रोजचे पाहणे सोपे करता येते. ताटात एका वेळी एकच पदार्थ, वाचताना एकच ओळ दिसेल अशी खाच पाडलेले पुठ्ठ्याचे कार्ड, शांत जागा आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा. मूल कुठे, केव्हा अडते याची नोंद ठेवून ती नेत्रतज्ज्ञ, थेरपिस्ट आणि शिक्षक या तिघांनाही दाखवावी.