नेट नव्हे, फाइल अडते

तेरेखोलच्या काठावरच्या आरोंद्यातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. जत्रेतल्या दशावताराची चित्रीकरणं जुन्या संगणकावर ठेवलेली, त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्स हा मीडिया सर्व्हर बसवलेला. टीव्हीवर नाटक लावलं की संकासुर नाचता नाचता मध्येच थिजतो. घरातलं निदान ठरलेलं असतं: "नेटच नाय धड."

पण घरातला सर्व्हर आणि घरातलाच टीव्ही यांच्यामध्ये चित्रफीत फक्त राउटरमधून जाते. इंटरनेटचा वेग इथे मोजायचाच नाही. चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय अडवतात हे मात्र खरं, म्हणून आधी केबल जोडून बघा. तरीही चित्र थांबत असेल तर सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडा. तिथे 'डायरेक्ट प्ले' दिसलं तर फाइल आहे तशी जाते आहे. 'ट्रान्सकोड' दिसलं तर बिचारा संगणक प्रत्येक चित्र उलगडून, नव्याने दाबून, तुम्ही बघत असतानाच पुढे पाठवतो आहे.

हे तो का करतो? कारण "एमपी४ आहे ना, मग कुठेही चालेल" हा समज अर्धाच खरा आहे. एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. आतला कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याची पद्धत, वेगळाच असू शकतो. २००३ सालचा एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतो. २०१३ सालचा एचईव्हीसी जागा बरीच वाचवतो, पण जुने टीव्ही आणि कित्येक ब्राउझर त्याला नाकारतात. आयफोन २०१७पासून एचईव्हीसीतच चित्रण करू लागले; कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं तर एच.२६४ मिळतो. नाटकांच्या जुन्या व्हीसीडी-डीव्हीडींची कथा आणखी वेगळी. त्यांत एमपीईजी-१ किंवा एमपीईजी-२ असतो आणि तो ब्राउझरला वाचताच येत नाही. नुसता डबा जुळत नसेल तर काम हलकं असतं, साधा संगणकही ते सहज उरकतो. भार पडतो तो कोडेक बदलताना.

मग मोठा प्रोसेसर घ्यावा का? माझं मत, आधी नको. इंटेलच्या बऱ्याच चिपमध्ये २०११पासून क्विक सिंक हे व्हिडिओ रूपांतराचं हार्डवेअर आहे, ते चालू केलं तरी पुष्कळ फरक पडतो (प्लेक्समध्ये त्याला पैसे पडतात, जेलीफिनमध्ये नाही). २०२३च्या रास्पबेरी पाय ५मध्ये मात्र हार्डवेअर एन्कोडर नाहीच. तो फाइल आहे तशी पाठवायला उत्तम, बदलायला नाही. खर्च करायचाच तर एचईव्हीसी समजणारी टीव्ही स्टिक घ्या.

"क्वालिटी कमी केली की अडकणार नाही" ही समजूत तर उलटीच लागू पडते. कमी दर्जा मागितला की सर्व्हरला ट्रान्सकोड करावाच लागतो. मुंबईतला चाकरमानी गावचं नाटक बघतो तेव्हा नेटचा प्रश्न खरा असतो, पण तो आरोंद्याच्या अपलोडचा. जाहिरातीत ठळक छापतात तो बहुधा डाउनलोड. आयफोनच्या एचईव्हीसी चित्रणाला सेकंदाला ३० चित्रांच्या वेगाने १०८०पीला मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात, म्हणजे सुमारे ८ एमबीपीएस. ४केला १७० एमबी, म्हणजे जवळपास २३. पाच तासांचं नाटक ४केत घेतलंत तर ५१ जीबी झाले!

सबटायटलही छुपा गुन्हेगार आहे. गाववाल्यांना ती नकोतच. परदेशात वाढलेल्या नातवाला मालवणी संवाद कळावेत म्हणून लागतात. डीव्हीडीतली सबटायटलं चित्ररूप असतात आणि बऱ्याच उपकरणांसाठी ती दृश्यावर छापावी लागतात, म्हणजे अख्खा व्हिडिओ पुन्हा घडवणं आलं. यूटीएफ-८मधली एसआरटी फाइल बहुतेक वेळा हे टाळते.

खरा उपाय म्हणजे ट्रान्सकोड आधीच, एकदाच उरकणं. त्यासाठीचं हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एच.२६४, ८ बिट, स्टिरिओ एएसी, एमपी४ आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड' एवढं निवडा. डीव्हीडीवरच्या चित्रात आडव्या रेघा दिसत असतील तर डीइंटरलेसही लावा. मुंबईसाठी ३-४ एमबीपीएसची वेगळी प्रत करा. मूळ फाइल पुसू नका, कारण प्रत्येक रूपांतरात चित्र थोडं झिजतं. आणि हे रात्रभराचं काम मिरगाआधी उरका: मध्येच वीज गेली तर हँडब्रेक अर्धवट फाइल पुढे नेत नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागतं.