दिगू टिपणीस ऐकतोय

‘सामना’वरचा लेख आज नाही. गेल्या रविवारी कबूल केलं होतं खरं, पण मधेच साताऱ्याच्या एका वाचकाने विचारलं, “निळूभाऊ फुल्यांचा एकच सिनेमा ठेवायचा झाला तर ‘सामना’च ना?” त्यांना एका ओळीत उत्तर द्यायला बसलो आणि त्याचाच लेख झाला. तेव्हा ‘सामना’तल्या हिंदुराव धोंडे पाटलांनी आठवडाभर वाड्यावर थांबावं.

माझं उत्तर ‘सिंहासन’.

यावर भुवया उंचावणार, हे माहीत आहे. ‘सिंहासन’ म्हटलं की लोकांना अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री आठवतात, डॉ. श्रीराम लागूंचे विश्वासराव दाभाडे आठवतात, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा तर आठवतोच. चावून खाव्यात अशा भूमिका आहेत त्या. निळूभाऊंच्या वाट्याला आलाय पत्रकार दिगंबर टिपणीस, म्हणजे दिगू. त्याला ना वाडा, ना ऊस, ना हाताखाली माणसं. चित्रपटभर त्याचं मुख्य काम एकच, दुसऱ्यांचं ऐकणं.

आता हा नट आला कुठून ते बघा. सेवादलाचं कलापथक, मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारखं वगनाट्य. वगात वाक्य पकडायचं, फिरवायचं, प्रेक्षकांत फेकायचं आणि हशा ओसरायच्या आत पुढचं तयार ठेवायचं. तिथे गप्प बसलेला नट म्हणजे मेलेला नट. 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’तला झेले अण्णा याच तालमीतून आला. 1972 मध्ये ‘सखाराम बाइंडर’ आलं. नाटक सुरू होतं तेच सखाराम लक्ष्मीला घरात आणतो आणि या घरात राहायचं तर कसं राहायचं हे बजावत सुटतो तिथे. बोलतो, बोलतो, थांबतच नाही. सेन्सॉरशी कोर्टात झगडावं लागलेलं ते नाटक निळूभाऊंनी पहिल्यांदा उभं केलं ते त्या घोगऱ्या, ओढून घेणाऱ्या आवाजावर.

तो बडबड्या सखाराम विजय तेंडुलकरांचा. हिंदुरावही त्यांचाच. आणि 1979 मध्ये अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र बांधून जब्बार पटेलांसाठी ‘सिंहासन’ चित्रपटाची पटकथा लिहिली तीही तेंडुलकरांनीच. साधू पत्रकार, तेंडुलकरांची उमेदीची वर्षं वर्तमानपत्रांत गेलेली. बातमीदाराला काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे दोघांनाही कुणी सांगायची गरज नव्हती. तीन माणसं लिहिली एकाच लेखकाने, केली एकाच नटाने. पण तिसऱ्याच्या वेळी आवाज, म्हणजे हुकमाचा एक्काच, काढून घेतला. जब्बारनी ही भूमिका निळूभाऊंना दिली यात मला त्यांची खरी दिग्दर्शकीय हुशारी दिसते. एखादा मवाळ, शहरी चेहऱ्याचा नट घेतला असता तर दिगू कोपऱ्यात विरून गेला असता. निळूभाऊ गप्प बसले की आपण वाट बघतो, हा माणूस आता काहीतरी करणार. तो काहीच करत नाही. त्याला करता येण्यासारखं काही उरलेलंच नाही, हे हळूहळू आपल्याही लक्षात यायला लागतं.

मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो, खुर्चीखाली सुरुंग लागलाय म्हणून, आणि खेळ सुरू होतो. दिगूला सगळीकडे शिरकाव आहे. जो तो त्याला काही सांगतो. कुणाला छापून आणायचंय, कुणाला फक्त अंदाज घ्यायचाय. अशा वेळी बोलणाऱ्याकडे बघू नका, निळूभाऊंच्या पापण्या बघा. याच जड पापण्या झेले अण्णाच्या चेहऱ्यावर असतात तेव्हा बघणाऱ्याला धाक वाटतो. दिगूच्या चेहऱ्यावर त्या थकलेल्या वाटतात, पुढचं वाक्य काय येणार ते माहीत असलेल्या माणसाच्या. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणात तो थकवा आणखी गडद होतो. प्रत्येक बैठकीनंतर दिगूच्या तोंडावरचं हसू थोडं थोडं कडवट होत जातं. शेवटी सत्तेची सोंगटी पुन्हा आपल्या घरात जाऊन बसते आणि दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. चित्रपटभर दाबून धरलेला आवाज तिथे सुटतो, तोही शब्दांवाचून. ते हसणं ऐकून अंगावर काटा येतो, कारण त्याच्यामागे दोन तासांचं गप्प बसणं आहे.

नकलाकारांनी निळूभाऊंचं फार नुकसान केलंय, असं माझं मत आहे. गॅदरिंगपासून टीव्हीपर्यंत जो उठतो तो मान तिरकी करतो, आवाज घोगरा करतो आणि कुठल्या तरी बाईला वाड्यावर बोलावतो. झाले निळू फुले! गावोगावच्या बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, ही त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावती होतीच. पण माणूस होता समाजवादी. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव फिरलेला. दिगूची नक्कल मात्र अजून कुणी केलेली मी पाहिली नाही. करणार काय? ऐकण्याची नक्कल होत नाही.

महेश भट्टच्या ‘सारांश’मधला (1984) पुढारी गजानन चित्रे याच रांगेत बसवावा असं काही जण म्हणतात. चांगलं काम आहे, पण निळूभाऊंना तो डाव्या हातचा मळ. हिंदीवाल्यांनी त्यांना पुढारी, गुंड याच्यापलीकडे फारसं काही दिलं नाही, म्हणून त्यावर वेगळा लेख होणार नाही. ‘पिंजरा’चं विचारणाऱ्यांनाही तेच उत्तर: थोर चित्रपट, पण तो लागू आणि संध्याबाईंचा.

‘सामना’ पुढच्या रविवारी, आता नक्की. तोवर ‘सिंहासन’ पुन्हा एकदा लावा आणि दुसरं कुणी बोलत असेल तेव्हा फक्त दिगूकडे बघा. त्यानंतरही ‘सामना’च वरचढ वाटला तर जरूर कळवा, भांडायला मी तयार आहे.