१९६६ च्या आधीचे कोण पाहणार?

नेरूळमध्ये दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, एक डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचे आणि दुसरे तेरणाचे. एमडी, एमएसला प्रवेश घेतलेल्या डॉक्टरला, मग तो इथला असो की नाशिक-नागपूरचा, पहिल्या काही महिन्यांतच प्रबंधाचा विषय ठरवावा लागतो. विषय ठरला की त्यावर आधी कोणी काय काम केले आहे, याचा आढावा लिहायचा. वॉर्डातली ड्युटी संपवून रात्री मोबाइलवर शोध घ्यायचा, पहिल्या पानावर दिसतील ते दहा-बारा निबंध उतरवायचे, की झाला आढावा. ग्रंथालय असते, पण परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला शांत जागा आणि एसी, एवढाच त्याचा उपयोग अनेकांना ठाऊक असतो.

अशा घाईच्या आढाव्याची किंमत काय असू शकते, हे २००१ साली अमेरिकेत दिसले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयी एक प्रयोग सुरू होता. निरोगी माणसांच्या श्वासनलिका आकसण्यापासून कशा वाचतात, हे पाहायचे होते. त्यासाठी २४ वर्षांच्या एका धडधाकट स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे देण्यात आले. एकेकाळी ते रक्तदाबावर वापरत, पुढे मागे पडले. तिला खोकला सुरू झाला, फुफ्फुसे निकामी होत गेली आणि महिन्याभरात, २ जूनला, ती दगावली. त्यानंतर अमेरिकी सरकारने या संस्थेतले माणसांवरचे सरकारी पैशांचे जवळपास सगळे संशोधन काही दिवस थांबवले.

संशोधकांनी आधी शोध घेतलाच नव्हता, असे नाही. त्यांनी पबमेड पाहिले होते. पण पबमेडमधल्या नोंदी तेव्हा १९६६ पासून सुरू होत, आणि हे औषध फुफ्फुसांना इजा करू शकते असे सांगणारे निबंध १९५० च्या दशकातले होते. मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयांच्या कपाटांत १८७९ पासून निघत आलेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या छापील सूचीचे खंड रांगेने उभे असत. ते उघडायला सांगणारे कोणी हवे होते.

आज पबमेड १९४० च्या दशकापर्यंत मागे गेले आहे. तरी अडचण संपलेली नाही, तिने फक्त रूप बदलले आहे. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. तोंडाचा कर्करोग आणि मिश्री हा विषय घेतला, तर इंग्रजी निबंधांत ती कुठे ‘मिश्री’ असते, कुठे ‘मिस्री’, कुठे ‘मशेरी’, तर कुठे नुसती ‘धूरविरहित तंबाखू’. एकच शब्द टाकून शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच लागते, आणि अर्धे राहिले हे त्याला कळतही नाही. सगळी नावे, सगळी स्पेलिंग आणि विषयसूचीतले ठरलेले शब्द जोडून शोध कसा बांधायचा, हे प्रशिक्षित ग्रंथपालाचे काम. जगभरातल्या चांगल्या पद्धतशीर आढाव्यांत ग्रंथपालाचे नाव सहलेखक म्हणून दिसते. आपल्याकडे त्यांना फार तर प्रबंधाच्या आभारात एक ओळ मिळते, तीही शिपाईकाकांच्या शेजारी.

दुसरा मुद्दा पैशांचा. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक संस्थांना खुली होऊ लागली. तीन वर्षांसाठी तरतूद आहे ६,००० कोटी रुपयांची. योजना उत्तमच; पण हा टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे. नेरूळच्या दोन्ही संस्था खासगी आहेत. अशा ठिकाणी कोणता निबंध पूर्ण वाचायला मिळणार आणि कोणाचा नुसता सारांश पाहून पुढे जावे लागणार, हे ग्रंथालयाच्या वर्गणीवर ठरते. सारांशात औषधाचा गुण ठळक असतो. दुष्परिणामांचा तक्ता बहुधा आतल्या पानांत सापडतो.

शिवाय एक साठा असा आहे, जो कोणतीही वर्गणी भरून मिळत नाही. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर वाचता येतात, पण एमडी-एमएसचे बहुतेक प्रबंध त्या-त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कापडी बांधणीत पडून असतात. याच भागातले रुग्ण, याच हवेतला दमा, याच वस्त्यांतला क्षयरोग त्यांत मोजलेला असतो. दहा वर्षांपूर्वी कोणी हाच विषय घेऊन कुठे अडले होते, हे त्या कपाटाशिवाय कुठेही कळत नाही.

यंदा विषय शोधणाऱ्यांनी एक करावे. आराखडा सादर करण्याआधी प्रश्न कागदावर लिहून ग्रंथपालांकडे जावे: कोणते रुग्ण, कोणते औषध, काय मोजायचे आहे. एका बैठकीत काम होणार नाही, दोन-तीन चकरा होतील. आणि आढाव्याच्या सुरुवातीलाच लिहावे की कुठे शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले आणि कोणत्या वर्षापासूनचे पाहिले.