तयार अन्नाचीं पाकिटें आणि घरची हिरवी भुकटी

गेल्या सहामाही परीक्षेच्या सुमारास वसतिगृहांतील मुलांच्या ट्रंका तपासण्याचा प्रसंग आम्हांवर आला. वह्यांखालीं, सदऱ्यांच्या घड्यांत, एका ठिकाणीं तर उपासनेच्या गीतांच्या पुस्तकाला टेकून, दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्सचीं पाकिटें निघालीं. तीं मोजतां मोजतां आम्ही आरोग्यावर बोलूं लागलों. आमचें व्याख्यान बरेंच रंगांत आलें असतां आठवीच्या वर्गांतील एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, सुटींत घरीं मी हेंच करितों. बाबा रात्रपाळीला असतात आणि आई कामावरून उशिरा येते. धाकटीला भूक लागते." हें ऐकल्यावर पुढें काय बोलावें तें आम्हांस सुचेना. व्याख्यान तेथेंच थांबलें. प्रस्तुत लेख हा त्या मुलाला द्यावयाचें उत्तर आहे, आणि ज्या घरांत अशी संध्याकाळ वरचेवर येते त्या घरांतील पालकांसही तो उपयोगी पडेल अशी आमची आशा आहे.

प्रथम ह्या पाकिटांत असतें तरी काय, हें पाहूं. १९५८ सालीं जपानांत आंदो मोमोफुकु ह्या गृहस्थानें शिजविलेल्या शेवया तेलांत तळून त्यांतील पाणी घालविण्याची युक्ति काढली. तळतांना शेवयांतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते व तिच्या वाटेवर बारीक छिद्रें राहतात. पुढें उकळतें पाणी घातलें म्हणजे तें ह्याच छिद्रांतून आंत शिरतें आणि शेवई क्षणांत मऊ होते. आपल्या देशांत मॅगी ह्या नांवाच्या नूडल्स १९८३ सालीं आल्या व आतां तें नांव मुलांच्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, कोणत्याही कंपनीचें पाकीट असो, तीं त्यास त्याच नांवानें हांक मारितात. परंतु नांव बाजूस ठेविलें तर ह्यांतील मर्म नवें नाहीं. आमच्या आजीबाई चैत्र-वैशाखाच्या उन्हांत कुरडया, सांडगे व शेवया वाळवीत, तेव्हां त्याही पाणीच घालवीत असत. पाणी गेलें कीं बुरशीला आणि जंतूंना वाढावयास आधार उरत नाहीं. तेव्हां हें पाकीट कुरडईच्या लांबच्या नात्यांतलेंच आहे. आणि मऊ भातावर तूप-मेतकूट घालून आजारी मुलाला पांच मिनिटांत जेवूं घालणारी आई तयार अन्नाचाच उपयोग करीत होती. फरक एवढाच कीं, तें तयार करून ठेवणारे हात तिच्याच घरचे होते.

दोष कोठें आहे तें आतां सांगतों. ह्या शेवया बहुधा मैद्याच्या असतात, म्हणजे गव्हाचा कोंडा व अंकुर त्यांत नसतो. तळल्यामुळें तेलाचा अंश बराच असतो. भाजी म्हणाल तर नांवाला. पण ह्या सर्वांहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट मीठ ही होय. पाकिटाच्या पाठीमागें बारीक अक्षरांत एक कोष्टक छापलेलें असतें. त्यांत सोडियम असा शब्द शोधावा. हा आंकडा मिठाचा नव्हे, मिठांतील एका घटकाचा आहे. त्यास अडीचांनीं गुणिलें म्हणजे मीठ किती तें कळतें. उदाहरणार्थ, समजा १०० ग्रॅमांत १२०० मिलिग्रॅम सोडियम असें लिहिलें आहे आणि पाकीट ७० ग्रॅमांचें आहे. तर एका पाकिटांत ८४० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे २१०० मिलिग्रॅम अथवा २.१ ग्रॅम मीठ झालें. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसानें सबंध दिवसांत ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें असें सांगते, आणि लहान मुलांकरितां त्याहूनही कमी. वरील हिशेबानें एका बशींतच दिवसाच्या मिठाचे पांचांतले दोन वांटे संपले. सकाळचा पाव, दुपारची आमटी आणि लोणच्याची फोड अजून मोजावयाचीच आहेत. गणिताच्या तासाला त्रैराशिक कशाला शिकवितां असें विचारणाऱ्या मुलांनीं हा हिशेब आपापल्या घरच्या पाकिटावर करून पाहावा.

मग मसाल्याची पुडी अर्धीच घालावी, झालें! असें कोणी म्हणेल. आम्हीही तसेंच म्हटलें आणि तसें करून खाल्लें. खरें सांगावयाचें तर तें अगदीं सपक लागलें. ह्याचें कारण असें कीं, त्या पुडींत मिठाबरोबर दुसरेंही कांहीं काम करीत असतें. १९०८ सालीं इकेदा किकुनाए ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें कोंबू नांवाच्या समुद्रवनस्पतीच्या काढ्यांतून ग्लुटामेट वेगळें करून दाखविलें व गोड, आंबट, खारट, कडू ह्यांखेरीज ही एक निराळी रुचि आहे असें प्रतिपादन केलें. तिला त्यानें उमामी असें नांव दिलें. पिकलेला टोमाटो, वाळलेलीं अळिंबीं, जुनें चीज ह्यांत ती निसर्गतःच असते. शिवाय ज्यास आपण चव म्हणतों तिचा मोठा भाग वास्तविक वासाचा असतो. नाक चिमटींत घट्ट धरून भाजलेलें जिरें चावून पाहावें. कडवटपणा कळेल, पण जिरें कळणार नाहीं. नाक सोडतांच जिरें तोंडांत उमटतें. तेव्हां पुडींतील मीठ कमी करावयाचें असेल, तर जी जागा रिकामी पडते ती वासानें व थोड्या आंबटपणानें भरून काढिली पाहिजे. ह्याकरितांच ही हिरवी भुकटी.

कोणतीं पानें घ्यावीं? ह्या बाबतींत सर्व पानें सारखीं नाहींत. कढीलिंब हा आमच्या मतें पहिला. त्याचें पान मुळांतच फार रसाळ नसल्यामुळें तें लवकर वाळतें आणि वाळल्यावरही आपला वास बराचसा राखतें. मेथी दुसरी. लाहोरच्या दक्षिणेस कसूर म्हणून गांव आहे, त्यावरूनच कसुरी मेथी हें नांव पडलें. वाळल्यावर मेथीचा वास कमी न होतां उलट दाट होतो असा सर्वांचा अनुभव आहे. येथें एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. युलियस मॅगी ह्या स्विस गिरणीवाल्यानें १८८६ सालीं एक पातळ मसाला बाजारांत आणिला. त्याचा वास लव्हेज नांवाच्या युरोपी वनस्पतीसारखा येतो, म्हणून जर्मन लोक आजही त्या वनस्पतीस मॅगीची वनस्पति म्हणतात. ह्या लव्हेजच्या वासाला जें द्रव्य कारण, तेंच आमच्या मेथीच्या दाण्यांतही आहे. म्हणजे झुरिक शहराजवळच्या कारखान्यांतील वासाचा एक धागा आमच्या फोडणीच्या डब्यांत पूर्वींपासूनच होता!

पुदिना तिसरा, तो थोडा घालावा, नाहीं तर दुसऱ्या कोणास बोलूं देत नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांत पुदिना, शेप व जिरें ह्यांचा दशमांश काळजीपूर्वक देणारे आणि महत्त्वाच्या गोष्टी विसरणारे परुशी आहेत, ते वाचकांस ठाऊक असतीलच. आम्हांस त्यांच्या कोठींतील वासाचा मात्र हेवा वाटतो. कोथिंबिरीविषयीं आमचें मत लोकमताच्या विरुद्ध आहे. हिवाळ्यांत ती स्वस्त मिळते म्हणून बायका ती हौसेनें वाळवितात, परंतु हिरव्या कोथिंबिरीचा वास ज्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो तीं वाळतांना जवळ जवळ सर्व निघून जातात व मागें गवताचा रंग तेवढा उरतो. तिला ताजीच खावी. शेवग्याचा पाला वासासाठीं नव्हे, पण गुणासाठीं थोडा मिसळावा.

आतां वाळविण्याची रीत. पानें सकाळीं दंव उडाल्यावर तोडावीं, दोन पाण्यांनीं धुवावीं, झटकावीं व देठ काढून टाकावे, कारण देठ मागाहून वाळतात आणि आपली ओल वाळलेल्या पानांस देतात. स्वच्छ सुती कापडावर एकावर एक न येतील अशीं पसरून हवेशीर खोलींत सांवलींत ठेवावीं. वर मलमलीचें पातळ फडकें टाकावें. दिवसांतून दोनदां वरखालीं करावीं. उन्हांत वाळविलीं तर लवकर होतात हें खरें, परंतु उन्हानें पानाचा हिरवा रंग विटतो आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतें तें कॅरोटिन नासतें. क जीवनसत्त्व सांवलींतही बहुतेक टिकत नाहीं. लोह व चुना मात्र कोठें जात नाहींत. हवा कोरडी असेल तर तीन-चार दिवस पुरतात. पानाचा चुरा बोटांत कुरकुरीत झाला पाहिजे. नुसतें वांकलें तर तें तयार नाहीं. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, हा उद्योग करूंच नये. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम.

येथेंच आमची फजिती झाली, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. पहिल्या खेपेस वरची पानें कुरकुरीत दिसतांच आम्हीं सर्व बरणींत भरून मोठ्या अभिमानानें कपाटांत ठेविलीं. तीन आठवड्यांनीं झाकण काढलें तों आंत पांढरी बुरशी आणि तळघरासारखा कुबट वास! बुरशी लागलेला भाग काढून बाकीचें वापरावें असा काटकसरीचा सल्ला घरांतून मिळाला. तो मानूं नये, सर्वच टाकून द्यावें, कारण डोळ्यांस न दिसणारी बुरशी व तिचें विष बाकीच्या भागांतही असूं शकतें. तेव्हांपासून आम्ही एक परीक्षा करितों. वाळलेलीं पानें कांचेच्या स्वच्छ बाटलींत भरून झाकण घट्ट लावावें व एक दिवस तसेंच ठेवावें. दुसऱ्या दिवशीं कांचेवर आंतून दंव दिसलें, किंवा पानें पुन्हां नरम झालीं, तर ओल शिल्लक आहे असें समजून तीं परत पसरावीं. कांच कोरडी राहिली म्हणजे खुशाल ठेवावीं. बाटली चुलीपासून दूर, अंधाऱ्या कपाटांत असावी व तिच्यावर भरल्याची तारीख लिहावी. पानें सबंध ठेवून लागतील तशींच कुस्करावीं. एकदां कुटलीं कीं त्यांतील वासाचें तेल मोकळें होऊन उडूं लागतें.

मिश्रणाचें आमचें प्रमाण असें: कुस्करलेला कढीलिंब एक वाटी, मेथी अर्धी वाटी, पुदिना पाव वाटी, शेवग्याचा पाला पाव वाटी, त्यांत भाजून कुटलेलें जिरें दोन चमचे, आमचूर दोन चमचे, मिरपूड एक चमचा. मीठ मुळींच नाहीं. तीळ किंवा सुकें खोबरें घालण्याचा मोह होतो आणि चव खरोखरच वाढते, परंतु त्यांतील तेल खवट होऊन सबंध बरणी बिघडवितें. म्हणून तीं खातेवेळीं वरून घालावीं. हें मिश्रण लहान बाटलींत, महिन्याभरापुरतेंच करावें.

नूडल्स करतांना प्रथम पाण्यांत चिरलेला टोमाटो व घरांत असेल ती भाजी, गाजर, मटार, कोबी, घालून उकळी आणावी, मग शेवया टाकाव्या, आणि पुडींतील मसाला अर्धाच घालावा. शेवयांच्या वडींतही थोडें मीठ असतेंच, म्हणून ह्यानें मीठ बरोबर निम्में होतें असें नव्हे. तथापि बरेंच कमी होतें. अंडें मिळत असेल तर शेवटीं फोडून त्यांत ढवळावें व पुरतें शिजूं द्यावें. मुलाच्या जेवणांत त्याचें मोल भुकटीहून पुष्कळ अधिक आहे. हिरवी भुकटी एक चमचा घ्यावी व ती भांडें खालीं उतरविल्यावरच घालावी. उकळत्या पाण्यांत आधीं टाकली तर सर्व वास वाफेबरोबर शेजाऱ्यांच्या घरीं जातो. मग झाकण ठेवून एक मिनिट थांबावें. पाकिटांतील सूप, तयार उपमा, लोणी लावलेला पाव ह्यांवरही हीच भुकटी चालते. खारी बिस्किटावर मात्र ती आम्हांस आवडली नाहीं.

एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. चमचाभर वाळलेला पाला म्हणजे ताटांतील भाजी नव्हे. पालेभाजींत शंभर भागांपैकीं सुमारें ऐंशी ते नव्वद भाग पाणी असतें, म्हणून वाळलेल्या पाल्यांत गुण एकवटलेले दिसतात हें खरें. परंतु चमचाभर भुकटीचें वजन दोन-तीन ग्रॅम भरतें. शेवग्याच्या पाल्याविषयीं बाजारांत ज्या मोठमोठ्या गोष्टी बोलल्या जातात त्या ह्या वजनाशीं ताडून पाहाव्या. भुकटीचें काम जिभेला मिठावांचून समाधान देण्याचें, आणि टोमाटो-मटारासारख्या भाज्यांना ताटांत जागा करून देण्याचें.

नाताळच्या सुटीआधीं आम्हीं त्या आठवीच्या मुलास एक बाटली भरून दिली होती. शाळा उघडल्यावर तो ती रिकामी घेऊन आला. "सर, धाकटीला पुदिना आवडत नाहीं. तो काढून टाकूं का?" आम्हीं सांगितलें, "खुशाल काढून टाक, आणि मेथी वाढव." त्या आठवड्यांत बाजारांत मेथीच्या जुड्या स्वस्त होत्या, त्यानें दोन जुड्या आणून वसतिगृहाच्या पडवींत, आमच्या जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरल्या आहेत.