हृदयाच्या उजव्या बाजूची साक्ष

मनुष्याचें हृदय म्हणजे एकाच भिंतीच्या दोन अंगांस नांदणारीं दोन बिऱ्हाडें होत. डावी बाजू सर्व शरीरास रक्त पुरविते; तिचा दाब दंडास पट्टा बांधून मोजतां येतो. उजव्या बाजूनें जवळच्या फुप्फुसांत रक्त पोंचवावयाचें, म्हणून तिची भिंतही पातळ असते. फुप्फुसांच्या रोहिणींतील दाब निरोगी मनुष्यांत विश्रांतीच्या वेळीं सरासरी १४ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो २० च्या वर गेल्यास फुप्फुसांचा उच्च रक्तदाब समजावा, असें युरोपांतील हृदयरोग व श्वसनरोग तज्ज्ञांच्या संस्थांनीं २०२२ सालीं ठरविलें. दंडावरील पट्ट्यास या दाबाचा पत्ता लागत नाहीं. रोगी जिना चढतांना धापा टाकतो, आणि घरचीं माणसें तो अशक्तपणा समजून स्वस्थ बसतात.

हा दाब शरीरास इजा न करतां अजमावण्याची सोय ध्वनीनें केली. स्वीडनमधील लुंड येथें इंगे एडलर व हेल्मुथ हेर्ट्झ यांनीं १९५३ सालीं, धातूंतील दोष शोधण्याचें यंत्र छातीस लावून हृदयाचा प्रतिध्वनि टिपला. डॉप्लर यानें १८४२ सालीं मांडलेल्या तत्त्वाची पुढें त्यास जोड मिळाली आणि वाहत्या रक्ताचा वेगही मोजतां येऊं लागला. उजव्या झडपेंतून थोडें रक्त मागें उसळतें. त्या वेगाचा वर्ग करून चारानें गुणिलें कीं खालच्या व वरच्या कप्प्यांतील दाबाचा फरक मिळतो. वेग सेकंदास ३ मीटर असेल तर ३६, आणि ४ मीटर असेल तर ६४ मिलिमीटर. त्यांत वरच्या कप्प्यांतील दाब मिळविला म्हणजे आकुंचनाच्या क्षणींचा दाब कळतो. वर सांगितलेल्या सरासरी दाबाहून तो निराळा व अधिक असतो.

परंतु रोग्याचें पुढें काय होणार, याचें उत्तर केवळ या आंकड्यांत नसतें. दाब उत्पन्न करणारा स्नायूच थकला, तर दाब उतरूं लागतो. बैल दमला म्हणजे मोटेचा दोर सैल पडतो. त्यावरून मोट हलकी झाली असें कोणी म्हणत नाहीं. घरच्यांनीं उतरलेला आंकडा पाहून समाधान मानावें, आणि त्याच वेळीं हृदय हार खात असावें, असेंही घडूं शकतें.

म्हणून तज्ज्ञ उजव्या कप्प्याची ताकद पाहतात. त्याच्या झडपेची कड दर ठोक्यास किती सरकते हें मोजतात. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील २००६ सालच्या अभ्यासांत ही सरक १८ मिलिमीटरहून कमी असलेल्या रोग्यांत जगण्याचें प्रमाण पुष्कळच कमी आढळलें. २०२२ सालच्या मार्गदर्शिकेंत, रोग मूळ रोहिण्यांचाच असेल तेव्हां, सरकेस दाबानें भागण्यास सांगितलें आहे. भागाकार ०.३२ हून अधिक असल्यास धोका कमी, ०.१९ हून कमी असल्यास मोठा. उजव्या वरच्या कप्प्याचें क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटरच्या आंत असणें बरें, २६ च्या पुढें चिंतेचें. हृदयावरणांत बरेंच पाणी सांचणें हीही वाईट खूण होय.

अर्थात् हें चित्र एकटें निवाडा देत नाहीं. निदानाची खात्री हृदयांत नलिका घालूनच होते. सहा मिनिटांत रोगी किती चालतो हेंही पाहतात. भाकीत हा कांहीं विधिलेख नव्हे. औषधें केव्हां वाढवावीं, फुप्फुसरोपणाचा विचार केव्हां करावा, हें वेळींच ठरविण्यासाठीं तें असतें. तेव्हां तपासणीचा कागद हातीं येतांच “दाब किती?” एवढेंच न विचारतां “उजवें हृदय तो कसा सोशीत आहे?” हेंही डॉक्टरांस विचारावें.