निकालाची निराशा आणि आपला रक्तदाब

4 जून 2024 रोजी लोकसभेचा निकाल लागला. 1 जूनच्या बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला 350 च्या पुढे जागा दिल्या होत्या, मिळाल्या 293. सरकार आले, तरी पुष्कळांचा अपेक्षाभंग झाला. विरोधकांची तर सत्ताच हुकली. असा निराश मतदार दोन्ही बाजूंना असतो. त्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

दिवसभर टीव्हीपुढे ताणात बसले की शरीरात ॲड्रेनलिन वाढते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. त्यात जेवण टळते, चहा-तंबाखू वाढते. म्हणून मतमोजणीच्या दिवशीही रक्तदाबाची गोळी चुकवू नये. मधुमेहाचे औषध घेऊन उपाशी राहू नये; साखर एकदम उतरते. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम ही लक्षणे ‘ॲसिडिटी’ समजून घरी थांबू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

उदासी बहुधा काही दिवसांत ओसरते. रात्री बातम्या बंद ठेवाव्यात, सकाळी चालायला जावे. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक आणि कामातले लक्ष परतले नाही, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. पुढच्या मतदानाला आपण धडधाकट असायला हवे.